अप्पांची राहिलेली पूजा

बीडहून निघाल्यापासून मावशी गाडी भरधाव चालवत होती. ती गावोगावी जाणारी डॉक्टर. दारू सोडवण्याचं कामही करते. मी पुण्याहून सुट्टीला आलेली. सकाळी कपिलधारजवळच्या गावातून फोन आला होता, तिथल्या दुकानदार अप्पांविषयी. त्यांनी गळ्यातल्या इष्टलिंगाची (लिंगायत अंगावर बाळगतात ते लहान लिंग) शपथ घेऊन दारू एकदम बंद केली होती.

"मग चांगलंच ना?" मी विचारलं.

"इतक्या वर्षांची दारू अशी तोडली तर झटके येतात. माणूस जातो."

घाटात सीताफळांच्या पाट्या घेऊन बायका बसल्या होत्या. मावशी थांबली नाही.

अप्पा दुकानात पोत्याला टेकून, घामाने भिजलेले, सदऱ्यावरच्या नसलेल्या मुंग्या वेचत होते. त्यांच्या बायकोने, काकूंनी, धपाटे (ज्वारीच्या पिठाची तिखट थालीपिठं) पुढे केले.

"अप्पा, ही गोळी घ्या, मग दवाखान्यात जाऊ," मावशी म्हणाली.

"न्हाई. गोळी बी नशाच की. शपथ मोडंल."

"शपथ दारूची हाय, औषधाची न्हाई," मावशी त्यांच्याच बोलीत म्हणाली.

"लई जण दारू बी औषध म्हणूनच पितेत, डॉक्टरीणबाई!"

"मरताना बी मस्करीच करा तुमी!" काकू भडकल्या.

मावशीने गोळी खाली ठेवली. "पूजा झाली का?"

अप्पांचं हसू गेलं. इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करतात, आणि त्यांचा हात ठरत नव्हता.

"सोडल्यापासून केली न्हाई. पडलं तर?"

"हात ठरावा म्हणूनच गोळी."

त्यांनी गळ्यातलं लिंग काढून हातात घेतलं. "आधी देवाला सांगतो."

काकूंनी पाण्याचा तांब्या आणला. मावशी इंजेक्शन भरत होती.

"पोरी, खाली हात धर," अप्पा मला म्हणाले.

मी ओळखीच्यांनाही सहसा हात लावत नाही. त्यांच्या तळहाताखाली ओंजळ धरली. थरथर माझ्या कोपरापर्यंत आली. त्यांनी लिंगावर पाणी वाहिलं. लिंग डगमगलं, पण पडलं नाही. त्याच तीर्थाबरोबर अप्पांनी गोळी गिळली आणि मावशीला इंजेक्शनही देऊ दिलं.

त्यांना घेऊन बीडला परतताना घाटात अप्पा भ्रमात चालत्या गाडीचं दार उघडू लागले. दवाखाना येईपर्यंत त्यांचा एक हात काकूंनी धरला, दुसरा मी.

पुण्याला निघायच्या सकाळी मी वॉर्डात गेले. अप्पा खाटेवर बसून पूजा करत होते. हात अजून किंचित हलत होता. मी नकळत ओंजळ पुढे केली. त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

"आता नाही ना पिणार?" मी बाहेर विचारलं.

"दुकानासमोरच गुत्ता आहे," मावशी म्हणाली. "मी त्यांच्याकडे जात राहीन."

बसमध्ये शेजारच्या बाई कुणाविषयी तरी फोनवर म्हणत होत्या, "मनात आणलं की सुटते बघ दारू." अप्पांनी तर मनात आणलं होतं, आणि तेच जिवावर बेतलं होतं. एरवी मी अनोळखी माणसांशी बोलत नाही. त्यांनी फोन ठेवला, आणि नगर येईपर्यंत मी त्यांना, नाव न घेता, एका राहिलेल्या पूजेविषयी सांगत होते.