एका डिस्कवर दोन सर्व्हर

माझी धाकटी बहीण १९६४ साली जन्मली व २०२१ साली हृदयविकाराने गेली. घरात तिला ‘ठिणगी’ म्हणत, आणि ते नाव कौतुकाने पडलेले नव्हते. एका मोठ्या रुग्णालयात ती संगणक अभियंता होती. रक्तपेढीचा सर्व्हर तिच्या ताब्यात असे. तिच्या शोकसभेत वक्त्यांनी तिला ‘मनमिळाऊ’ म्हटले. हे धादांत असत्य आहे. ती रागीट होती आणि तिचा राग सकारण होता.

एका वर्षी तो सर्व्हर वारंवार कोसळू लागला. नुसता कोसळता तर एकवेळ चालले असते. पण प्रत्येक खेपेस त्याची फाइल सिस्टीम, म्हणजे कोणती नोंद डिस्कवर कोठे ठेवली आहे याची सारी मांडणी, विस्कटलेली निघे. दुरुस्तीनंतर यंत्र उठून बसे, मात्र काही नोंदी कायमच्या गेलेल्या असत. ज्या पिशवीच्या तपासणीची नोंद गेली, ती रुग्णाला देता येत नाही. प्लेटलेट्सचे आयुष्य मोजक्या दिवसांचे. फेरतपासणी होईतो ते सरे. लोकांनी बाही वर करून दिलेले दान मग कचऱ्यात जाई.

“ताई, आजही टोपलीभर फेकल्या,” रक्तपेढीतील तंत्रज्ञ बाई फोनवर सांगे. “वरच्या मजल्यावरचं पोरगं पिशवीची वाट बघतंय. त्याच्या आईला काय सांगू?”

“सांगा, संगणकवाल्या बाईला अक्कल नाही!” असे म्हणून ठिणगी फोन आपटे.

तिने मेमरी बदलली, डिस्क तपासल्या, तारा नव्या घातल्या, वीजपुरवठ्यावर मापक बसवला. दोष सापडेना. विभागप्रमुख साहेब मात्र प्रसन्न होते. मुख्य सर्व्हर अडखळला की राखीव सर्व्हर तीच डिस्क हाती घेऊन काम पुढे चालवी, आणि हा बदल अलीकडे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होई. त्याबद्दल व्यवस्थापनाने साहेबांच्या गळ्यात हारही घातला होता. थोड्याच वेळात दोन्ही यंत्रे कोसळत, त्याचा हिशेब कोणी विचारला नाही.

ठिणगी शेजारच्या इमारतीतून धावत येईपर्यंत सगळे आडवे झालेले असे. अखेर ती संतापून सर्व्हरच्या खोलीतच खुर्ची टाकून बसली. दुपारी मुख्य सर्व्हर अडखळला. राखीव यंत्र जागे झाले. नियमाप्रमाणे तत्पूर्वी मुख्य यंत्राची वीज तुटायला हवी होती. तुटली नाही. दोन्ही यंत्रांचे दिवे लुकलुकत राहिले. एकाच पानावर दोन कारकून, एकमेकांचे न पाहता, लिहीत सुटावेत तसा तो प्रकार होता. तिने उठून मुख्य सर्व्हरची डिस्ककडे जाणारी तार उपटली.

साहेब धावत आले. “अहो बाई, कोणाला विचारून वायर काढलीत?”

“पहिला बंद झाल्याशिवाय दुसऱ्यानं डिस्कला हात लावायचा नाही, ही अट मी घातली होती. कोणी काढली?”

“मीच काढायला लावली, कंपनीच्या माणसाला. पहिला बंद होईपर्यंत लोकांना ताटकळत ठेवायचं?”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“सांगितलं असतं तर तुम्ही भांडला असता.”

“भांडलेच असते! त्याचाच पगार घेते मी. एका म्यानात दोन तलवारी तुम्ही कोंबल्यात आणि वर हार घालून घेतलात. लोकांचं रक्त गटारात ओतलंत, साहेब!”

“आवाज खाली ठेवा.”

“खाली शवागार आहे. तिथून अजून तक्रार आलेली नाही.”

तार वेळीच निघाल्यामुळे त्या दिवशीच्या नोंदी शाबूत राहिल्या व संध्याकाळी वरच्या मजल्यावरील मुलाला पिशवी चढली. अट पुन्हा बसवण्यात आली. त्यानंतर ती फाइल सिस्टीम एकदाही विस्कटली नाही.

चौकशी समितीने कारण ‘तांत्रिक’ असल्याचा निष्कर्ष काढला. साहेबांना बढती मिळाली. बहिणीला, विनापरवाना उपकरण खंडित केल्याबद्दल, ताकीद मिळाली. ती तिने स्वीकारली नाही आणि प्रशासनाने मागेही घेतली नाही. तिची मागणी एकच होती: ज्यांचे रक्त फेकले, त्या दात्यांना तसे कळवावे. “लोकांचा विश्वास उडेल,” असे उत्तर मिळाले. नोकरीत होती तोवर प्रत्येक वार्षिक सभेत तिने तोच प्रश्न विचारला. पुढे पुढे ती उभी राहिली की लोक घड्याळ पाहत.

त्या वर्षी तेथे रक्त दिलेल्यांपैकी मी एक आहे. मला अद्याप कोणीही काहीही कळवलेले नाही. मागणी कायम आहे. आता ती माझ्या नावाने आहे.