माझ्या पंपावरचा हिरवा ठिपका

रंजनाकाकींनी तेलाची वाटी आपल्याकडे ओढून घेतली. माझी बोटं तशीच अधांतरी राहिली.

आमच्या टेबलावर एकच वाटी असायची. पंपात गियर बसवताना त्याला तेलाचं बोट लावावं लागतं. काकी, शबनम आणि मी, तिघी त्याच वाटीत बोटं बुडवायचो. त्या सोमवारी सुपरवायझर सरांनी माझ्यापुढे दुसरी वाटी ठेवली. स्टीलची, नवी. कडेला लाल नेलपॉलिशची रेघ.

"ही तुझी," सर म्हणाले. "कंटॅमिनेशन कंट्रोल. तू इंग्लिश मीडियमची, तुला समजावून सांगायला नको."

शबनमला वाटलं गंमत चालली आहे. "सर, तेल तो एक ही डब्बे का है ना?"

सर हसले नाहीत. काकींनी डबा उचलला आणि माझ्या वाटीत वरून तेल ओतलं. बरंच वरून. डबा वाटीला लागू नये म्हणून. थोडं टेबलावर सांडलं. ते पुसायला त्यांनी फडकं माझ्याकडे ढकललं.

मी म्हणाले, "ओके सर."

कंटॅमिनेशनचं स्पेलिंग मला शाळेपासून येतं. अर्थ त्या दिवशी कळला.

आदल्या शनिवारी मी जेवणाचा डबा घरी विसरले होते. बाबा तो द्यायला पूर्णा गावातल्या आमच्या कारखान्याच्या गाळ्यापर्यंत आले. गेटवरचा वॉचमन आमच्याच वस्तीतला. त्याने हाक मारली, "जय भीम, दादा!" बाबांनी तितक्याच मोठ्याने उत्तर दिलं. मी डबा घेतला आणि मान खाली घालून आत वळले. मागे काकी उभ्या होत्या.

"तुझे बाबा काय ग?"

"हो."

"बरं हाय," त्या म्हणाल्या. एवढंच.

माझं आडनाव कुठल्याही जातीत सापडतं. माझं इंग्रजी चांगलं आहे. मी कमी बोलते. या तीन गोष्टींच्या आड मी बरीच वर्षं सुखरूप होते.

आमच्या कारखान्यात छोट्या विमानांची रोटरी इंजिनं बनतात. दोन माणसं बसतात, तसली विमानं. या इंजिनात पिस्टन नसतो, एक तिकोनी रोटर गरगर फिरत असतो. त्याला सतत तेल लागतं. ते पोचवतो पंप. हातात मावेल एवढा. तो अडला की इंजिन अडतं, आणि आकाशात गाडी बाजूला घेऊन उभी करता येत नाही.

म्हणून आमच्याकडे एक पद्धत आहे. पंप जोडला की कव्हर लावायच्या आधी त्याचा दांडा बोटांनी फिरवून बघायचा. आधी जोडणारीने, मग शेजारणीने. कुठे अडतंय, खरखरतंय, ते बोटांना कळतं. पण आपली चूक आपल्या बोटांना नेहमी कळतेच असं नाही, त्यांना ती सवयीची होते. म्हणून दुसरा हात. शेजारणीने फिरवून पाहिलं की ती पंपावर ब्रशने हिरवा ठिपका देते. मगच कव्हर.

माझी शेजारीण काकी.

वेगळी वाटी आल्यापासून त्यांनी माझा पंप हातात घेणं सोडलं. माझ्या बोटांचं तेल लागलेलं असायचं ना त्याला. त्या लांबूनच विचारायच्या, "फिरवलास ना तू? मग झालं." आणि ब्रशचं टोक तेवढं पुढे करून हिरवा ठिपका द्यायच्या. त्यांचे स्वतःचे पंप आता शबनमकडे जायचे.

मी कव्हर लावायचे. मला वाटलं, वाटीच तर आहे. ठिपकाच तर आहे. घरी आई विचारायची, "काय झालंय?" मी म्हणायचे, "दमलेय."

मग एके दिवशी मागच्या शेडमध्ये चाचणीला लावलेलं इंजिन किंचाळलं आणि बंद पडलं. माणूस ओरडावा तसा आवाज आला. सगळे उठून उभे राहिले.

थोड्या वेळाने सर आले. हातात उघडलेला पंप. तो त्यांनी माझ्या टेबलावर आपटला. बाहेरच्या गियरवर एक कोरलेली खूण असते, ती वर यायला हवी. ती खाली होती. गियर उलटं बसलं होतं. पंप माझा होता.

"बघा सगळ्यांनी," सर म्हणाले. "इथे रिझर्वेशन चालत नाही. इंजिनाला कुणाची दया येत नाही."

शाळेत शिकवलेला शब्द जिभेवर आला. सॉरी. तो मी किती सहज म्हणते. धक्का दुसऱ्याने दिला तरी म्हणते.

पण माझी नजर पंपावर होती. काळवंडलेल्या तेलाखाली हिरवा ठिपका दिसत होता. स्वच्छ, गोल.

"काकी, हा कुणी दिला?"

"मीच दिला. तुम्हा दोघींना मीच देते."

"फिरवून बघितलंत?"

काकींनी हात पदराला पुसले. हाताला काही लागलेलं नव्हतं. मग अगदी हळू म्हणाल्या, "मला घरी जाऊन देवाला हात लावायचा असतो ग."

त्या वाईट बाई नव्हत्या. पहिल्या आठवड्यात माझं बोट कापलं तेव्हा त्यांनीच फुंकर घालत पट्टी बांधली होती. तेच बोट. तेच हात. मला रडू आलं ते सरांमुळे नाही, त्या पट्टीमुळे.

"विषय बदलू नकोस," सर म्हणाले. "से सॉरी आणि कामाला लाग."

सरांशी मी नेहमी इंग्रजीत बोलायचे. त्या दिवशी मराठीत बोलले.

"गियर मी उलटं बसवलं. चूक माझी. पण चूक धरायला इथे दुसरा हात ठेवलाय. काकींची चूक शबनम धरते. शबनमची काकी धरतात. माझी कुणी धरायची? तो हात तुम्ही काढून घेतला, सर. वाटी ठेवलीत त्या दिवशी."

"उद्यापासून पॅकिंगला बस."

"नाही बसणार."

मी लाल रेघेची वाटी उचलली. तेल डब्यात परत ओतलं नाही. टाकाऊ तेलाच्या पिंपात ओतलं. वाटी पुसून सरांच्या टेबलावर ठेवली. परत येऊन नवीन पंप जोडायला घेतला. मधल्या वाटीत बोट बुडवलं. काकी खुर्चीसकट मागे सरकल्या. पंप झाला. दांडा फिरवून बघितला आणि पंप उघडाच काकींपुढे ठेवला.

त्यांचा हात उठला. टेबलापर्यंत आला. मग परत मांडीवर गेला.

त्या संध्याकाळी घरी सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "मी गेटवर आलो नसतो तर बरं झालं असतं."

आजवर ऐकलेल्या सगळ्या बोलण्यात हे वाक्य मला सर्वांत जास्त लागलं. सरांच्या वाक्याहूनही.

"उद्या सोडायला या," मी म्हणाले. "गेटपर्यंत या."

ते आले. वॉचमनने हाक मारली. यावेळी बाबांच्या आधी मी उत्तर दिलं. जय भीम. मोठ्याने. काकी आत जात होत्या. त्या थांबल्या नाहीत.

काही बदललेलं नाही. शबनमने माझा पंप घ्यायला हात पुढे केला, तर सरांनी तिला पॅकिंगला पाठवलं. मला कधीही काढतील. टेबलावर माझे उघडे पंप एका रांगेत पडलेत. सर येतात, ओरडतात, कव्हर लाव म्हणतात. मी लावत नाही. लांबून दिलेला हिरवा ठिपका मी रॉकेलने पुसून टाकते.

विमानात बसणाऱ्या त्या दोघांना माझी जात माहीत नसेल. तो ठिपका खरा आहे, एवढंच ते धरून चालतील. माझ्या पंपावर खोटा ठिपका मी जाऊ देणार नाही. दुसरा हात लागेपर्यंत पंप उघडाच राहील.