कबरीवरचं गवत

टेक्सासच्या त्या कापसाच्या गावात कबरीवरची माती उघडी, झाडलेली असली म्हणजे मागे कुणीतरी आहे. गवत माजलं म्हणजे वंश बुडाला. डोव्ही प्रुइटबाईंनी आईच्या कबरीवर हयातभर काडी उगवू दिली नव्हती.

यंदा शहरातून येऊन राहिलेल्या मंडळींनी शोभेसाठी साऱ्या कबरींवर हिरवळ अंथरली. डोव्हीबाई खुरपं घेऊनच आल्या.

"मावशी, किती छान दिसतंय बघा!" मंडळींचा म्होरक्या ब्रेंट म्हणाला.

"छान? मी जिवंत असताना माझ्या आईला बेवारस केलंस, मेल्या!"

"बाकी कुणाची तक्रार नाही."

"बाकीचे मातीखाली आहेत!"

त्या गुडघ्यांवर बसल्या आणि हिरवळ सोलू लागल्या. आईची माती उघडी झाली, तशा शेजारच्या कबरीकडे सरकल्या.