डाव्या पाट्यावरचा उतारू

मानवी बुद्धीच्या कक्षेबाहेर या जगात काहीही नाही, हे मी निपाणीच्या वाचनालयात उभा राहून टाळ्यांच्या कडकडाटात सांगितलेलं आहे. टाळ्या भाषण संपल्याबद्दल होत्या, हे अध्यक्षांकडून नंतर कळलं. तरी माझं मत बदललं नाही. पुढचं वाचून तुमचं बदलावं असाही आग्रह नाही. घडलं ते लिहितो...

लढाईची वर्षं होती. मी निपाणीत आप्पांच्या तंबाखूच्या वखारीत दिवाणजी, म्हणजे कारकून होतो. वखारीची एक जुनी लॉरी होती आणि तिच्यावर मारुती नावाचा ड्रायव्हर. त्याची थोरली बहीण कणकुंबीला दिलेली. तिची आधीची दोन मुलं पोटातच गेली होती. या खेपेला बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं: आठवा लागला की इस्पितळात येऊन राहायचं, आणि वाटेत धक्के बसता कामा नयेत. कणकुंबीचा तेव्हाचा जंगलातला रस्ता ज्यांनी पाहिलाय, त्यांना या सल्ल्याची गंमत कळेल. बैलगाडी बाद. राहिली लॉरी. ती देताना आप्पांनी माणुसकीवर दहा मिनिटं भाषण केलं आणि देखरेखीला मला सोबत दिलं.

पण लॉरीचे मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, गंजून एकमेकांना असे चिकटले होते, की स्प्रिंग आणि लाकडाचा ओंडका यात फरक उरला नव्हता. खड्डा आला की धक्का थेट मणक्यात.

कल्लाप्पा लोहाराने वखारीच्या अंगणात गाडी ठोकळ्यांवर चढवली. पाटे दोन दिवस रॉकेलमध्ये भिजवले, अडकलेल्या पिना तापवून घणाने बाहेर काढल्या, एकेक पाटा घासून वंगण लावलं. डावीकडचा एक पाटा तडकलेला निघाला. लढाईमुळे नवा मिळणं अशक्य. त्याने भंगारातून एका सर्व्हिस मोटारीचा पाटा आणला. ती मोटार वर्षानुवर्षं बेळगाव–खानापूर उतारू वाहून मोडीत निघाली होती.

पाटे बसवले की त्यांच्यावर वजन घालून मगच नट पक्के आवळायचे, ही कल्लाप्पाची रीत. "पोती नगंत," तो म्हणाला, "माणसं चढवा. माणूस कसा, हलतोय, पाटं जागंवर बसत्यात." भर दुपारी आठ हमाल मागे चढले. कल्लाप्पाने दोन्ही बाजूंना जमिनीवर काठ्या उभ्या धरून गाडीच्या कडेची उंची चाकूने कोरून घेतली होती. माणसामागे गाडी गव्हाच्या दाण्याएवढी खाली येत होती. नट आवळून झाले आणि आठही जण उतरले.

उजवी बाजू जिथल्या तिथे आली. डावी एक दाणा खालीच राहिली.

"कोण ऱ्हायलंय रं वर?" कल्लाप्पा ओरडला.

"कोण न्हाय, अण्णा."

"मग ह्यो कोण बसलाय, तुझा सासरा?"

हमाल हसले. मी चढून पाहिलं. फळ्या, थोडी तंबाखूची भुकटी, बाकी काही नाही. मी डावीकडे उभा राहिलो तर ती आणखी एक दाणा खाली गेली. उतरलो तर तेवढीच वर आली. मग मी सर्वांना घर्षणाचं तत्त्व समजावलं, की पाटे एकमेकांत अडकतात, वजन काढलं तरी लगेच सुटत नाहीत. कल्लाप्पाने मान डोलावली, पाट्यावर घणाचे चार दणके दिले आणि आठ जणांना पुन्हा चढवून उतरवलं. डावी बाजू एक दाणा खालीच.

आता कुणी हसेना. दोघे हमाल तंबाखू मळत लांब जाऊन उभे राहिले.

"पाटा काढतो," कल्लाप्पा म्हणाला. "दुसरा मिळतोय का बघू."

"कवा बघणार, अण्णा? आक्काला आठवा लागून पाच दिस झालं!" मारुती म्हणाला. मग तो गाडीच्या मागे गेला आणि रिकाम्या फळ्यांकडे बघून, सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर उतारूशी बोलेल तसं म्हणाला, "गाडी कणकुंबीला जातीया. यायचं तर या, आमचं न्हाय म्हणणं न्हाय. पण डावीकडं आमची आक्का निजणार हाय. तुमी जरा पलीकडं सरका."

पाटा कुरकुरला. माझ्या डोळ्यांदेखत डावी बाजू वर आली. व्याख्यान देणाऱ्या माणसाला शोभणार नाही असा धावत मी पलीकडे गेलो. उजवी एक दाणा खाली आलेली.

"काय दिवाणजी," कल्लाप्पा हळूच म्हणाला, "तुमचं घर्षण हिकडं आलं व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. कणकुंबीला मुक्काम केला. परतीला डावीकडे गवताच्या गादीवर आक्का, तिच्या उशाशी तिची सासू, उजवीकडे पेट्रोलचे डबे आणि त्यांच्यावर ताडपत्री. पुढे मारुती आणि मी. मोठा खड्डा दिसला की मारुती मागे ओरडायचा, "धरून बसा!" हे तो कुणाला सांगत होता, ते मी विचारलं नाही.

इस्पितळाच्या दारात सगळं सामान उतरवल्यावर मी बरोबर आणलेल्या कल्लाप्पाच्या दोन्ही काठ्या लावल्या. दोन्ही बाजू सारख्या होत्या. तो कुठे उतरला... किंवा पाटे कुठे सुटले म्हणा, मला माहीत नाही. नंतर इंजिनियर लोकांना विचारलं. त्यांनी घर्षणच सांगितलं, आणि ते बाजू कसं बदलतं हे विचारल्यावर चहा मागवला.

दोन महिन्यांनी आक्काला मुलगी झाली. धडधाकट, आणि आवाजही तसाच. आम्ही बघायला गेलो, तेव्हा सासूबाईंनी मारुतीची दृष्ट काढली.

"गाडी लई बेस केलीसा, पावणं," त्या म्हणाल्या. "पोरीला धक्का म्हणून लागला न्हाय. पर त्या ताडपत्रीमागं कुनाला निजवलं हुतं? बेळगाव येईस्तोवर घोरत हुता."