एक्केचाळीस मिनिटांचा कॉल

भूतखेत, संकेतबिंकेत यांवर माझा काडीचाही विश्वास नाही. माझी नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची... चूक कुठे आहे ते शोधायचं, हेच काम. या ग्रुपवरचे असले अनुभव वाचून मी आजवर हसतच आले. तरी लिहितेय, कारण हे कोडं मला सुटलेलं नाही.

मी बंगळुरूला असते. माहेर जाफराबाद तालुक्यातलं टेंभुर्णी. बसने जालन्यापर्यंतच सतरा-अठरा तास लागतात. विमानाने छत्रपती संभाजीनगर दोन तासांच्या आत, पुढे जालना तासभर. पण मायला विमानाची भयंकर धास्ती... म्हणून इतकी वर्षं मी बसनेच येत होते.

गेल्या हिवाळ्यात माय अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं. जालन्याच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी दुपारी चारला ऑपरेशन ठरलं. तिचं एकच — "पोरगी आल्याबिगर मी आत जात न्हाई." सुट्टी मंजूर होईपर्यंत रात्रीची बस निघून गेली. मग तिला न सांगता सकाळच्या विमानाचं तिकीट काढलं.

विमानात बसल्यावर माझ्या मोठ्या भावाचा, दादाचा, मेसेज आला — "मायजवळ विमानाचं तोंडातून निघून गेलं गं. रडून राह्यली. कुणाला हात लावू देत न्हाई." तेवढ्यात फोन बंद करायची सूचना झाली.

बेल्ट लावताना आठवलं, आम्ही मेंढरांमागे गावोगाव फिरायचो तेव्हा माय मला लुगड्याच्या पट्टीने घोडीवर बांधायची. मनात म्हटलं, माय, भिऊ नको, तू बांधायचीस तसंच बांधलंय मला. ओठसुद्धा हलले नाहीत. थोड्या वेळाने शेजारच्या आजी माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या. उतरेपर्यंत मी हात हलवला नाही.

उतरल्याबरोबर दादाला फोन लावला.

"आता बिलकुल शांत हाय," तो म्हणाला. "तू बोललीस तवापासून."

"मी कधी बोलले?"

"आत्ताच की गं! मी बाजूलाच उभा होतो. तुझा आवाज ऐकू येऊन राह्यल्ता."

दवाखान्यात पोचले तर माय हसली. "घोडीवर बांधल्यावानी बांधलंय म्हणलीस, मंग जिवाला बरं वाटलं. ती म्हातारी उठली का? हात अवघडला असंल तुझा."

मी तिचा फोन बघितला. माझ्या नंबरवरून आलेला कॉल — एक्केचाळीस मिनिटं. त्या वेळी मी हवेत होते! माझ्या फोनवर काहीच नोंद नाही. विमानात इंटरनेट नव्हतं. नंतर मोबाइल कंपनीकडून कॉलची यादी मागवली... तीतही नाही.

माय हसत ऑपरेशनला गेली. आता काठी टेकत शेतापर्यंत जाते. हे कसं झालं ते कुणाला कळत असेल तर सांगा, मला अजून कळलेलं नाही.

आता मी विमानानेच येते. निघताना ती फोनवर म्हणते, "बोलत राह्य गं." फोन बंद केला की मी मनातल्या मनात बोलत बसते. मागच्या खेपेला घरी पोचले, तर पाण्याचा तांब्या देता देता म्हणाली, "आज मधीच गप का झाल्तीस?"

मला डुलकी लागली होती.