टोमॅटोच्या सालीतला लाल रंग

नणंद राहायला आली आणि रोज टोमॅटोच्या साली मागू लागली, तेव्हा वहिनीला वाटलं, ही बया आपण साल किती जाड काढतो ते तपासतेय. आठवलं की दोघी अजून पोट धरून हसतात.

नणंदबाई सॉसच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत. तिथे सालींचे ढीग फेकून द्यायचे आणि हिचा जीव तुटायचा, कारण टोमॅटोला लाल करणारं, तब्येतीला चांगलं द्रव्य सालीतच जास्त. ते काढून दाखवलं, तर मालक या कामाला वेगळी खोली देणार होते. पाण्यात काही उतरेना. मग तिने वाळलेल्या सालींची पूड वहिनीच्या जाड बुडाच्या पातेल्यात, तेलात घालून मंद आचेवर ठेवली.

"वहिनी, इकडे ये, लवकर."

वहिनी पिठाच्या हातांनीच धावली. तेल लालभडक झालेलं. दोघी ओट्यापाशी चक्क नाचल्या.

दुसऱ्या दिवशी तिने ते तेल बाटलीत भरून पातेल्यासकट कारखान्यात नेलं. मालकांनी बाटली उजेडात धरली आणि खोलीची किल्लीच दिली.

"आता माझं पातेलं आण," संध्याकाळी वहिनी म्हणाली.

"ते तिथेच लागणार."

"माहेरचं आहे गं ते."

"तुला नवीन आणते. याचं झाकण कुठेय?"

"झाकण नाही मिळायचं."

"पातेलं तिकडे, मग झाकण इथे एकटं काय करणार?"

वहिनीने झाकण काढून दिलं.