वैशाखात भरलेली विहीर

माणूस पंचाहत्तरीला टेकला की त्याला ओट्यावर बसू द्यावं. आमच्या गावाने मला धुळ्याला संगणक शिकायला पाठवलं.

कारण माझी बायको. साक्रीच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. पाण्याचं काम करणाऱ्या एका संस्थेने बऱ्याच वर्षांपूर्वी तिच्या हातात एक लांब टेप दिला. सांगितलं, दर बाजाराच्या दिवशी गावविहिरीत सोडायचा, काठापासून पाणी किती फूट खाली आहे ते बघायचं आणि वहीत लिहायचं. पगार नाही. पावसाळ्याच्या तोंडाला एक छत्री मिळायची, तीही पहिल्या वाऱ्यात उलटी होणारी. पण बाई बाजाराची पिशवी खांद्याला लावून आधी विहिरीवर जायची, मग बाजाराला. मी हसायचो. म्हणायचो, "मोजीसन पानी वाढस का?" ती म्हणायची, "तुमले काय समजस? गुमान चाला."

गेल्या उन्हाळ्यात ती मेली. टेप घरातच पडला होता, दुसरं कोणी घ्यायला तयार नव्हतं, म्हणून मी सोडू लागलो. एवढ्यावर गावाने मला हुशार ठरवलं आणि बसमध्ये बसवलं.

धुळ्याच्या देवपुर भागात एका कॉलेजात संस्थेचं तीन दिवसांचं शिबिर होतं. खोली इतकी गार की उपरणं पांघरून बसावं लागलं. जेवणात शेवभाजी होती, पण रश्शाला मिरची नुसती दाखवून परत नेलेली. शिकवायला धुळ्याचीच एक मॅडम, माझ्या नातीच्या वयाची. म्हणाली, "आबा, उभ्या रांगेला कॉलम म्हणायचं, आडवीला रो." म्हणजे पाटीवर उभ्या-आडव्या रेघा ओढायच्या आणि खण पाडायचे. हे मी चौथीत केलं होतं आणि त्यानंतर शाळा सोडली होती.

एका संगणकावर दोघं. माझ्या वाट्याला शेजारच्या गावचे निवृत्त गुरुजी आले. आयुष्यभर पोरांवर हात चालवलेला माणूस, आता बटणांवर चालवत होता. मला हात लावू देईना. "आबा, तुम्ही फक्त वाचा. टाइप मी करतो. तुमच्याने व्हायचं नाही."

मलाही हौस नव्हती. मला एकाच गोष्टीची काळजी होती. मॅडमने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की वहीतले जुने आकडे संगणकात भरायचे, तिसऱ्या दिवशी संस्थेचे साहेब येऊन प्रत्येक विहिरीचा आलेख बघतील, ज्यांचे आकडे भरवशाचे वाटतील ते ठेवतील आणि बाकीचे काढून टाकतील. मला कानाने कमी ऐकू येतं. 'काढून टाकतील' तेवढं नीट ऐकू आलं. तिने इतकी वर्षं विहिरीच्या काठावर वाकून जे लिहिलं, ते एका पोरसवदा साहेबाच्या बोटाखाली जाणार होतं.

मी वाचत गेलो, गुरुजी बडवत गेले. दुसऱ्या दिवशी गेल्या सालचा चैत्र आला. पुढची पानं कोरी. तेव्हा ती धुळ्याच्या दवाखान्यात होती आणि मी तिच्या खाटेखाली सतरंजी टाकून.

"पुढे?" गुरुजी म्हणाले.

"इथं काही नाही."

मी पानं भराभर उलटली. त्या पानांकडे बघत बसायची माझी इच्छा नव्हती. जेठात माझं अक्षर सुरू झालं, तिथून पुन्हा वाचायला लागलो.

तिसऱ्या दिवशी मॅडमने आलेख काढून दिला. वर विहिरीचा काठ, खाली तळ, मधे पाण्याची रेष. उन्हाळा आला की रेष खाली, पाऊस पडला की वर. दर साली तेच. शेवटाला मात्र रेष चैत्रात खाली जाता जाता एकदम उडाली, थेट काठाला टेकली आणि सगळा वैशाख काठाकाठाने सपाट चालली. मग जेठात दगडासारखी खाली.

गुरुजी खूश. "आबा, तुमची विहीर एक नंबर! सरासरी बघा कशी सुधारली!"

मागच्या संगणकावरून आमच्याच भागातला एक जण वाकून बोलला, "आबा, वैशाखमां इतलं पानी व्हतं तर टँकर कसाले मांगाडा?" सगळी खोली हसली.

मग माझ्या ध्यानात आलं. "गुरुजी, कोऱ्या पानांचं काय टाकलं?"

"काही नाही म्हणालात ना? मग शून्य टाकलं. चौकट रिकामी ठेवू नये."

हयातभर पोरांना रिकाम्या जागा भरायला लावल्या या माणसाने. इथं स्वतः भरल्या. काठापासून शून्य फूट म्हणजे पाणी काठाला आलेलं, एवढं आमची म्हैसही सांगेल. माझी बायको दवाखान्यात तडफडत होती आणि या शहाण्याने त्याच दिवसांत विहीर काठोकाठ भरून ठेवली.

मॅडम धावत आली. पोरगी समजूतदार होती, एका नजरेत कळलं तिला. "गुरुजी, शून्य म्हणजे मोजलं आणि पाणी काठाला होतं. इथं मोजलंच नाही." तिने शून्यं पुसली. रेष मधेच तुटली.

"हे वाईट दिसतं," गुरुजी म्हणाले. "साहेब काढून टाकतील. जोडून द्या."

"जोडता येतं, आबा," मॅडम म्हणाली. तिने कुठेतरी एक खूण केली. रेष माझ्या बायकोच्या शेवटच्या ठिपक्यापासून माझ्या पहिल्या ठिपक्यापर्यंत सरळ गेली. दिसायला देखणी. मधे काही घडलंच नाही, एका हातातून टेप दुसऱ्या हातात गेला आणि बाजार पुढे चालू राहिला, अशी.

"काढा ती," मी म्हणालो.

"आबा, साहेब खरंच..."

"काढा. तेव्हा टेप खुंटीला होता. विहिरीत काय होतं ते कुणाच्या बापाला माहीत नाही."

साहेब आले. घामाचा थेंब नाही अंगावर. तुटलेल्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "हे काय?"

"मोजणारी दवाखान्यात होती. मग मेली."

"आणि याच्या आधीचं सगळं?"

"तिचं."

ते वाकून बराच वेळ बघत राहिले. "राहू द्या हे," म्हणाले आणि पुढच्या आलेखाकडे वळले. तो गुरुजींच्या विहिरीचा होता. रेष दर साली एकसारखी, छापलेली जशी. साहेबांनी विचारलं, "गुरुजी, विहिरीवर जाता की घरूनच लिहिता?" गुरुजींना खोकला आला.

शेवटी सगळ्यांना प्रमाणपत्र दिलं. संगणक येतो म्हणून. मला तो चालू कुठून करतात हेही माहीत नाही. मॅडमने आलेख छापलेला कागद मात्र मी मागून घेतला.

साक्रीच्या बसमध्ये गुरुजी नेमके माझ्याच शेजारी येऊन बसले. पांझरेचा पूल ओलांडल्यावर म्हणाले, "आबा, जोडली असती तर काय बिघडलं असतं? कुणाला कळणार होतं?"

मी खिडकीकडे तोंड केलं. मूर्खाशी साक्रीपर्यंत कोण बोलणार. खिशात मावावा म्हणून कागदाची घडी घातली, तर ती बरोबर त्या तुटलेल्या जागेवर आली. उलगडली, आणि जरा बाजूने पुन्हा घातली.